नवरा गेला, बायको मागे राहिली : फिलाडेल्फियातल्या एका जप्तीचं प्रकरण

१७७८ च्या जूनमध्ये फिलाडेल्फियाच्या धक्क्यावरची जहाजं माणसांनी आणि सामानाने गच्च भरत होती. नऊ महिने शहर ताब्यात ठेवून ब्रिटिश सैन्य न्यूयॉर्ककडे परत निघालं होतं आणि त्याच्याबरोबर सुमारे ३,००० नागरिकही घरदार सोडून चालले होते. हे सगळे राजनिष्ठ. अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड केलं तेव्हा काहींनी राजाची बाजू सोडली नव्हती, तर काहींनी या नऊ महिन्यांत ब्रिटिशांशी इतकी जवळीक केली होती की आता मागे राहणं जिवावर बेतलं असतं.

त्यांच्यातला सगळ्यात नामांकित माणूस जोसेफ गॅलोवे. तो आपली एकुलती मुलगी एलिझाबेथ हिला घेऊन निघाला. बायको ग्रेस मात्र शहरातच राहिली. त्यामागे सरळ हिशेब होता. या कुटुंबाचा जमीनजुमला बऱ्याच अंशी ग्रेसच्या माहेरून आलेला होता. नवऱ्यावर देशद्रोहाचा शिक्का बसलेला असला, तरी मालकीण जागेवर ठाण मांडून बसली तर निदान तिच्या वडिलांची मिळकत वाचेल, मुलीला मिळेल, अशी आशा होती.

अमेरिकन क्रांतीतल्या राजनिष्ठांच्या छळाचा विषय निघाला की अंगाला डांबर फासून पिसं चिकटवणाऱ्या जमावाच्या गोष्टी आधी सांगितल्या जातात. तशा घटना घडल्या आणि त्या भयंकर होत्या. पण बहुतेक राजनिष्ठ कुटुंबांवर आलेली आपत्ती कागदांवरून आली : शपथेचा कागद, नावांची यादी, सामानाची नोंद, लिलावाची जाहिरात. ग्रेस गॅलोवेचं प्रकरण मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. ब्रिटिश शहर सोडण्याच्या आदल्या दिवशी, १७ जून १७७८ ला, तिने रोजनिशी लिहायला सुरुवात केली आणि पुढचं वर्षभर ती लिहीत राहिली. त्यामुळे कायद्याचं एकेक पाऊल तिच्या दारापर्यंत कसं आलं, ते आपल्याला जवळून बघता येतं.

नवरा-बायको आणि त्यांची मिळकत

ग्रेस ही लॉरेन्स ग्रोडनची मुलगी. पेनसिल्व्हेनियातल्या बक्स परगण्यात ट्रेव्होज नावाची मोठी वाडी, आजूबाजूच्या जमिनी आणि डरहॅमच्या लोखंड कारखान्यातला हिस्सा, असं हे घराणं. १७५३ मध्ये तिचं लग्न जोसेफ गॅलोवेशी झालं. तो हुशार, महत्त्वाकांक्षी वकील होता. बेंजामिन फ्रँकलिनचा तो राजकारणातला जवळचा सहकारी, आणि १७६६ पासून १७७४ पर्यंत पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाचा सभापती. दोघांमधला विश्वास इतका, की १७७६ मध्ये फ्रान्सला निघताना फ्रँकलिनने आपल्या कागदपत्रांची पेटी ट्रेव्होजला गॅलोवेकडे ठेवली. पुढे त्या घराची लूट झाली आणि त्यातले बरेच कागद इतस्ततः झाले.

गॅलोवे आंधळा राजभक्त नव्हता, हे इथे सांगायलाच हवं. इंग्लंडच्या संसदेने वसाहतींवर मनमानी कर लादावेत, हे त्यालाही मान्य नव्हतं. १७७४ मध्ये फिलाडेल्फियातच भरलेल्या पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसमध्ये, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या परिषदेत, तो पेनसिल्व्हेनियाचा प्रतिनिधी होता. तिथे २८ सप्टेंबरला त्याने एक आराखडा मांडला : वसाहतींच्या विधिमंडळांनी निवडलेली एक महासभा असावी, राजाने नेमलेला एक अध्यक्ष असावा, आणि वसाहतींबाबतच्या कायद्यांना ही महासभा आणि ब्रिटिश संसद या दोघांचीही संमती लागावी. पाच वसाहती बाजूने आणि सहा विरुद्ध, अशा एका मताने तो प्रस्ताव बाजूला ठेवला गेला. नंतर तो काँग्रेसच्या इतिवृत्तातूनही काढून टाकण्यात आला. त्यानंतर गॅलोवेला फाशीचा दोर घातलेली पेटी कुणीतरी पाठवली. तो काँग्रेसमधून बाहेर पडला आणि ट्रेव्होजला जाऊन राहिला. डिसेंबर १७७६ मध्ये, स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघून पाच महिने झाल्यावर, तो ब्रिटिश सेनापती हाऊच्या छावणीत दाखल झाला. मागे फिरण्याचा रस्ता तिथेच बंद झाला.

२६ सप्टेंबर १७७७ ला लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या तुकड्या फिलाडेल्फियात शिरल्या तेव्हा गॅलोवे त्यांच्याबरोबर होता. (हाच कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला. तिथे टिपूविरुद्धच्या युद्धात त्याच्या जोडीला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा होत्या.) हाऊने गॅलोवेला शहराच्या पोलीस कारभाराचा आणि बंदरातल्या आयात-निर्यातीचा प्रमुख अधिकारी नेमलं. शहरात कोण येतं, कोण जातं, कुठला माल उतरतो, कोणावर नजर ठेवायची, हे सगळं त्याच्या हातात आलं. त्याने हेर नेमले, बातम्या गोळा केल्या, पूर्वीच्या ओळखीपाळखीच्या माणसांची माहिती ब्रिटिशांना पुरवली.

त्याच हिवाळ्यात शहरापासून जेमतेम वीस मैलांवर, व्हॅली फोर्जच्या छावणीत, वॉशिंग्टनचे सुमारे २,००० सैनिक रोगराईने मेले. फिलाडेल्फियाच्या तुरुंगात विल्यम कनिंगहॅम या क्रूर अधिकाऱ्याच्या ताब्यातले अमेरिकन कैदी भुकेने आणि थंडीने तडफडत होते. शहरात मात्र १८ मे १७७८ ला ब्रिटिश अधिकाऱ्यांनी हाऊच्या निरोपादाखल नाचगाणी, खोट्या लढाया आणि मेजवान्यांचा थाटमाट उडवून दिला. जूनमध्ये परतलेल्या क्रांतिकारकांच्या मनात काय धुमसत असेल, ते समजायला एवढं पुरे. गॅलोवेबद्दलचा त्यांचा राग पोकळ नव्हता, आणि मी तो पोकळ ठरवणार नाही.

ब्रिटिशांनीही आपल्या माणसांना वाऱ्यावर सोडलं. शहर सोडण्याचा हुकूम आल्यावर हाऊने राजनिष्ठांना दिलेला सल्ला असा, की आता ज्याने त्याने काँग्रेसशी जमवून घ्यावं. इतके महिने ज्यांना उघडपणे आपल्या बाजूने उभं केलं, त्यांना हे ऐकवणं निष्ठुरपणाचं होतं.

कायद्याचा फास

पेनसिल्व्हेनियाने १३ जून १७७७ ला निष्ठेच्या शपथेचा कायदा केला. अठरा वर्षांवरच्या प्रत्येक गोऱ्या पुरुषाने राजाशी असलेली निष्ठा सोडल्याची आणि नव्या राज्याशी इमान राखण्याची शपथ घ्यायची. न घेणाऱ्याला मत नाही, सरकारी पद नाही, ज्यूरीत बसता येणार नाही, येणं वसूल करायला कोर्टात जाता येणार नाही, जमिनीची खरेदी-विक्री करता येणार नाही. क्वेकर पंथाचे लोक यात सगळ्यात वाईट अडकले. युद्ध आणि राज्यक्रांती या दोन्हींत भाग घेणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं, त्यामुळे कुठल्याच बाजूची शपथ त्यांना चालेना. सप्टेंबर १७७७ मध्ये फिलाडेल्फियातल्या वीस जणांना, त्यांतले बहुतेक क्वेकर, काहीही खटला न चालवता व्हर्जिनियात हद्दपार केलं गेलं. त्यांतले दोघे तिथेच वारले. बाकीचे १७७८ च्या एप्रिलमध्ये सुटले.

गॅलोवेसाठीचा कायदा वेगळा होता. ६ मार्च १७७८ ला विधिमंडळाने तेरा माणसांची नावं थेट कायद्यातच घातली आणि त्यांत पहिलं नाव जोसेफ गॅलोवेचं. २० एप्रिलपर्यंत हजर होऊन खटल्याला सामोरे जा, नाहीतर तुम्ही देशद्रोही ठरलात आणि तुमची सगळी मिळकत राज्याची झाली. त्या तारखेला गॅलोवे ब्रिटिशांच्या ताब्यातल्या फिलाडेल्फियात अधिकाऱ्याच्या खुर्चीवर बसला होता. तो हजर होणार नाही हे विधिमंडळाला पक्कं ठाऊक होतं. पुढे राज्याच्या कार्यकारी मंडळाने याच पद्धतीने यादीमागून यादी काढली आणि नावांचा आकडा पाचशेच्या घरात गेला.

जप्तीचं काम करायला प्रत्येक परगण्यात माणसं नेमली गेली. फिलाडेल्फियातल्या नेमणुकीत एक नाव होतं चार्ल्स विल्सन पील याचं. हा त्या काळचा नावाजलेला चित्रकार, वॉशिंग्टनची चित्रं काढणारा, पुढे संग्रहालय उभारणारा. त्याच्याबरोबर स्मिथ नावाचा टोपीवाला आणि विल नावाचा कथलाची भांडी घडवणारा कारागीर. दोन वर्षांपूर्वी ज्यांना गॅलोवेच्या दिवाणखान्यात बसायलाही मिळालं नसतं, अशी ही माणसं आता त्याच दिवाणखान्याची मोजदाद करणार होती. ग्रेसला याचा विशेष सल होता. रोजनिशीत ती माणसांची नावं लिहिताना त्यांचे धंदेही आवर्जून लिहिते. तिचा वर्गाचा गर्व त्यात ढळढळीत दिसतो.

जुलैमध्ये हे लोक सामानाची यादी करायला आले. फुटक्या चिनी मातीच्या भांड्यांपासून रिकाम्या बाटल्यांपर्यंत त्यांनी सगळं लिहून नेलं. ज्या घरात इतकी वर्षं आपण म्हणू ती पूर्व, तिथे अनोळखी माणूस कपाट उघडून रिकाम्या बाटल्या मोजतोय आणि आपण नुसतं उभं राहायचं.

बायकोची मिळकत कोणाची?

इथे या प्रकरणातला कायद्याचा खरा पेच आहे, आणि तो थोडा सावकाश समजून घ्यावा लागतो.

इंग्लंडचा जुना कायदा वसाहतींतही चालत होता. त्याप्रमाणे लग्न झालं की कायद्याच्या दृष्टीने बाईचं स्वतंत्र अस्तित्व नवऱ्यात विरून जाई. तिच्या नावावर करार नाही, दावा नाही. माहेरहून आलेली रोकड आणि चीजवस्तू सरळ नवऱ्याची. आपल्याकडच्या धर्मशास्त्रात निदान स्त्रीधन म्हणून काही वेगळं मानलं होतं. या कायद्यात तेवढीही सोय नव्हती, वेगळा करारनामा केलेला नसेल तर. जमिनीचं मात्र जरा निराळं होतं. वारशाने बायकोला आलेली जमीन नवऱ्याला विकून टाकता येत नसे. मूल झालेलं असेल तर नवऱ्याच्या हयातीपर्यंत वहिवाट आणि उत्पन्न त्याचं, तो गेल्यावर जमीन बायकोकडे किंवा तिच्या वारसांकडे परत.

आता जप्तीचा कायदा म्हणतो, देशद्रोह्याचं जे काही असेल ते राज्याचं. गॅलोवेचं काय होतं? फिलाडेल्फियातल्या बाजार रस्त्याच्या आणि सहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं घर, आणि बायकोच्या माहेरच्या जमिनींवरचा त्याचा हयातीपुरता हक्क. ग्रेस कोणाशी निष्ठावंत आहे, हा प्रश्नच कुणी विचारला नाही. शपथ फक्त पुरुषांसाठी होती. तिच्यावर आरोप नाही, तिचं नाव यादीत नाही. तरीही तिच्या बापाच्या जमिनीचं भाडं उद्यापासून राज्याच्या तिजोरीत जाणार, कारण ते भाडं कायद्याने तिच्या नवऱ्याचं मानलं जात होतं.

तिने शहरातले वकील गाठले. विल्यम लुईस तिची बाजू बघत होता. तिने जॉन डिकिन्सनलाही बोलावलं. डिकिन्सन म्हणजे वसाहतींच्या हक्कांसाठी लेखणी चालवून नाव मिळवलेला माणूस, आणि १७६४ पासून गॅलोवेचा कट्टर राजकीय विरोधक. तो आला, त्याने कायदा चाळला आणि दुसऱ्या दिवशी येऊन खरं ते सांगितलं : नवऱ्याच्या मिळकतीत विधवेसारखा हिस्सा मागता येणार नाही. तुमच्या स्वतःच्या जमिनीचं उत्पन्नही बहुधा गेलंच. खटल्याचा उपयोग नाही, सरन्यायाधीश मॅकीन यांच्याकडे अर्ज करून बघा. फी त्याने घेतली नाही. मला स्नेही समजा, एवढं म्हणून तो गेला. या सगळ्या काळात तिला माणुसकीने वागवणारे जे थोडे पुरुष भेटले, त्यांत नवऱ्याचा हा जुना शत्रू होता.

२० ऑगस्ट १७७८

लुईसने तिला सल्ला दिला होता की दारं-खिडक्या बंद करून घ्या आणि ते आले तर त्यांना जबरदस्तीने आत शिरू द्या. स्वतःहून ताबा दिला असं कुठेही दिसता कामा नये.

गुरुवारी सकाळी दहा वाजून गेल्यावर दारावर जोरजोरात थापा पडल्या. तिसऱ्यांदा दार वाजलं तेव्हा ग्रेसने आतूनच सांगितलं, मी माझ्या घरात आहे, घर माझ्या ताब्यात आहे आणि तुम्हाला आत घेणार नाही. मग ती माणसं मागच्या अंगणात गेली. एकेक दार ढकलून बघितलं. शेवटी स्वयंपाकघराच्या दाराशी सापडलेला फरशी घासायचा ब्रश घेऊन त्यांनी दारावर घाव घालायला सुरुवात केली. ब्रशचे तुकडे झाले. आत अंधारात ग्रेस आणि दोन-चार बायका उभ्या होत्या, आणि आठ-दहा मिनिटं ते घाव ऐकत होत्या.

दार उघडल्यावर तिने खिडक्या उघडायला लावल्या आणि वकिलांचं लेखी मत पीलच्या हातात दिलं. पीलने ते वाचलं. मीही कायदा अभ्यासलाय, आम्ही करतोय ते बरोबर आहे, असं म्हणून त्याने ते परत केलं. मला इथून बळजबरीशिवाय काढता येणार नाही, असं तिने सांगितल्यावर टोपीवाला स्मिथ म्हणाला, ते कसं करायचं ते आम्हाला माहीत आहे, तुमचे कपडे रस्त्यावर फेकू. ब्रिटिशांच्या अमलात किती बायकांना एका दिवसात शहराबाहेर काढलं, त्याची आठवणही त्याने करून दिली. हे बोलणं कठोर आहे, पण खोटं नाही. गॅलोवेच्या पोलिसी कारभारातल्या जखमा घेऊनच ही माणसं आली होती.

तिच्या क्रेग नावाच्या मैत्रिणीने निदान बिछाना तरी द्या म्हटलं. तोही दिला नाही. शहराचा लष्करी अधिकारी तेव्हा बेनेडिक्ट अर्नोल्ड होता. (दोनच वर्षांनी, १७८० मध्ये, तो स्वतः ब्रिटिशांना जाऊन मिळाला.) त्याची घोडागाडी दाराशी आणण्यात आली. पीलने हात पुढे केला. तिने तो घेतला नाही, तेव्हा त्याने तिचा दंड धरला. दारात पोचल्यावर तिने चौकट धरली, मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की मी माझ्या मर्जीने जात नाही, केवळ बळजबरीने जातेय. मग पायरी उतरल्यावर त्याला म्हणाली, आता हात सोडा, ज्याचे उपकार घ्यावेत अशा माणसांत तुम्ही शेवटचे.

हा प्रसंग वाचताना अभिमानी बाईचा ताठा म्हणून तो बाजूला ठेवायचा मोह होतो. मला वाटतं ते चुकेल. तिच्या प्रत्येक वाक्यामागे कायद्याचा डाव आहे. दार फोडायला लावणं, लेखी मत दाखवणं, चौकट धरून साक्षीदारांसमोर बोलणं, हे सगळं पुढच्या दाव्यासाठीचा पुरावा आहे. ज्या बाईला कायदा माणूस म्हणून मोजत नव्हता, ती त्या कायद्याची भाषा दारात उभ्या असलेल्या चौघांपेक्षा नीट बोलत होती. पीलनेही पुढे लिहून ठेवलं की जप्तीचं हे काम त्याला मनापासून नकोसं होतं.

नंतरचे दिवस

आधी मैत्रिणीच्या घरी, मग भाड्याच्या खोल्यांत तिने दिवस काढले. नोव्हेंबरच्या ४ तारखेला शहरात अब्राहम कार्लाइल आणि जॉन रॉबर्ट्स या दोन क्वेकरांना फाशी दिलं गेलं. कार्लाइल सुतार होता, ब्रिटिशांच्या अमलात शहराच्या वेशीवर जाणाऱ्या-येणाऱ्यांचे परवाने तपासत असे. रॉबर्ट्स गिरणीवाला होता. त्यांच्या दयेसाठी हजारो लोकांनी अर्जांवर सह्या केल्या, त्यांत शिक्षा ठोठावणाऱ्या ज्यूरीतलेही होते. कार्यकारी मंडळाने ऐकलं नाही. खरे सूत्रधार तोवर न्यूयॉर्क किंवा लंडनला पोचले होते. गॅलोवे ऑक्टोबरमध्येच इंग्लंडला निघाला होता. मागे सापडले ते सुतार, गिरणीवाले आणि बायका.

एका संध्याकाळी पावसात चालत घरी जाताना ग्रेसच्या बाजूने तिचीच जुनी घोडागाडी गेली. तेवढं तिने सोसलं. पण गल्लीत वळल्यावर मुलीची आठवण आली. आपली आई रात्रीच्या पावसात साध्या बाईसारखी पायी गल्लीतल्या खोलीकडे जातेय हे मुलीने बघितलं तर तिला काय वाटेल, असं ती लिहिते. दुसऱ्या एका दिवशी मात्र मैत्रिणींमध्ये बसून तिने सांगितलं, की मला लुबाडून रस्त्यावर काढलं तरी मी जोसेफ गॅलोवेची बायको आणि लॉरेन्स ग्रोडनची मुलगी आहेच, आणि शेवटपर्यंत ग्रेस ग्रोडन गॅलोवेच राहणार.

नवऱ्याबद्दल तिच्या मनात राग साचत गेला. आपल्या मिळकतीची त्याने पुरेशी बूज राखली नाही, असं तिला वाटू लागलं. आणि एका ठिकाणी ती जे लिहिते ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात धीट वाक्य वाटतं : मनासारखं वागायची ही मोकळीक अशी आहे, की तिच्यामुळे दारिद्र्यही लग्नानंतरच्या कुठल्याही काळापेक्षा गोड वाटतं. लगेच पुढे मुलीची काळजी आहे. तिला काही झालं तर मी संपले. स्वातंत्र्याच्या नावाने झालेल्या क्रांतीने घराबाहेर काढलेल्या राजनिष्ठ बाईला स्वतःचं असं थोडं स्वातंत्र्य मिळालं ते अशा वाटेने, आणि त्याची किंमत तिला मुलीच्या विरहात मोजावी लागली.

कोपऱ्यावरचं ते घर काही काळ पेनसिल्व्हेनियाच्या कार्यकारी मंडळाच्या अध्यक्षाच्या, जोसेफ रीडच्या राहण्याला दिलं गेलं. पुढे ते धनाढ्य व्यापारी रॉबर्ट मॉरिसकडे आलं. १७९० मध्ये फिलाडेल्फिया राजधानी झाल्यावर मॉरिसने आपलं शेजारचं घर राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनला दिलं आणि स्वतः गॅलोवेंच्या घरात राहायला गेला.

ग्रेस ६ फेब्रुवारी १७८२ ला फिलाडेल्फियात वारली. मुलगी आणि नवरा तिला पुन्हा दिसले नाहीत.

हिशेब

१७८३ च्या पॅरिस तहात राजनिष्ठांसाठी पाचवं आणि सहावं कलम घातलं गेलं. सहाव्यात यापुढे जप्ती होणार नाही असं कबूल केलं. पाचव्यात मिळकती परत देण्याबद्दल काँग्रेस राज्यांना कळकळीची शिफारस करील, एवढंच. शिफारस झाली, राज्यांनी ती बहुतेक ठिकाणी कानाआड केली. एकूण ६०,००० च्या आसपास राजनिष्ठ देश सोडून गेले, त्यांतले निम्म्याहून जास्त नोव्हा स्कोशिया आणि आसपासच्या कॅनडाच्या मुलखात. ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाईसाठी आयोग नेमला. त्याच्यापुढे ३,२२५ अर्ज आले आणि सुमारे ३० लाख पौंड वाटले गेले. यांत ४६८ अर्जदार बायका होत्या. त्यांच्या अर्जांत एक गोष्ट वारंवार दिसते : भांडी, पलंग, पडदे, चमचे यांची बारीक यादी त्या देऊ शकतात, पण जमिनीची किंमत, नवऱ्याचं येणं-देणं त्यांना सांगता येत नाही, कारण ते त्यांना कधी कळू दिलेलंच नव्हतं. ग्रेस या बायकांपेक्षा पुढे होती ती याच बाबतीत. तिला आपली मिळकत एकर आणि भाड्यासकट माहीत होती.

पेनसिल्व्हेनियाच्या वागण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ब्रिटिशांच्या बाजूने हेरगिरी करणाऱ्या, पोलीस चालवणाऱ्या गॅलोवेवर खटला भरण्याचा राज्याला पूर्ण हक्क होता. तो गैरहजर असता तरी पुरावे मांडून, कोर्टात, ज्यूरीपुढे ते करता आलं असतं. विधिमंडळाने नाव घेऊन माणसाला दोषी ठरवणं, तारीख देऊन त्याची मिळकत खाणं, आणि त्या ओघात आरोपच नसलेल्या बायकोला रस्त्यावर आणणं, हा सूड होता. युद्धाचा खर्च भागवायला जप्तीचा पैसा हवा होता, ही गोष्टही त्यात आहेच. अमेरिकनांना हे पुढे उमगलं असावं. १७८७ च्या राज्यघटनेत, पहिल्याच अनुच्छेदात, अशा प्रकारे विधिमंडळाने कुणालाही दोषी ठरवायला काँग्रेसला आणि प्रत्येक राज्यालाही मनाई केली आहे. ती घटना ज्या सभागृहात लिहिली गेली, तिथून ग्रेसचं घर हाकेच्या अंतरावर होतं.

बायकांच्या बाबतीत मात्र नवं प्रजासत्ताक जुन्याच कायद्याला धरून राहिलं. मॅसॅच्युसेट्समध्ये १८०५ साली निकाल लागलेला मार्टिन खटला याचा दाखला. ॲना मार्टिन ब्रिटिश सैन्यातल्या नवऱ्याबरोबर देश सोडून गेली, तिची जमीन जप्त झाली आणि पुढे मुलाने ती परत मागितली. कोर्टाने मुलाच्या बाजूने निकाल दिला. कारण असं दिलं की लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या इच्छेविरुद्ध वागणं शक्यच नसतं, तेव्हा तिच्यावर राज्याशी बेइमानीचा दोष कसा येईल? मुलाला जमीन मिळाली ती आईला स्वतःचं मत असूच शकत नाही या आधारावर. ग्रेसने हा युक्तिवाद ऐकला असता तर तिला तो अपमानच वाटला असता.

गॅलोवेने १७९३ मध्ये पेनसिल्व्हेनियात परतण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. तो १८०३ मध्ये इंग्लंडमध्ये वॉटफर्डला वारला, आणि त्याच्याबरोबर ग्रोडन घराण्याच्या जमिनीवरचा त्याचा हयातीपुरता हक्क संपला. राज्याने जप्त करून विकलेला हक्क तेवढाच होता. ग्रेसने मृत्युपत्रात आपली मिळकत मुलीसाठी ठेवली होती. पीलने तिला पायरीवरून खाली उतरवल्यानंतर पंचवीस वर्षांनी त्या जमिनी तिच्या वारसांच्या ताब्यात आल्या.